शांत दिवसाचा नकाशा

रेषा वळली. ती तिथे वळायला नको होती. टेबलावरचा चहा निवत चालला होता, पंख्याने कागद उडू नये म्हणून मी कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवलं होतं आणि पाण्याच्या पातळीची शेवटची रेषा पेन्सिलीने ओढत होते. जमिनीखालचं पाणी जिथे जिथे सारख्या उंचीवर उभं आहे त्या जागा जोडत जायचं, एवढंच हे काम. आमच्या कार्यालयात बाकीचे ते संगणकावर करतात. मला आधी हाताने काढल्याशिवाय चैन पडत नाही, आणि साहेब म्हणतात, "बाई, तुमची पेन्सिल आपण संग्रहालयाला देऊन टाकू." तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. टेकड्यांकडून नदीकडे उतरणाऱ्या रेषा एकीमागे एक गुण्यागोविंदाने आल्या होत्या. जुन्या वस्तीपाशी मात्र ही रेषा डावीकडे झुकली, पुढच्या विहिरीच्या आकड्याने तिला आणखी झुकवलं, त्याच्या पुढच्याने पार मागे खेचलं, आणि बघता बघता ती गोल फिरून जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. नकाशावर एक वाटोळं कडं उमटलं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

कडं म्हणजे खड्डा. आत कुणीतरी पाणी उपसतंय, म्हणून चहूबाजूंचं पाणी तिकडे कललंय. एरवी असले खड्डे आमच्या नकाशांवर पैशाला पासरी. ज्याच्या अंगणात पंप त्याच्या पायाखाली खड्डा, आणि त्या गर्दीत कुठला कुणाचा हे देवालाही सांगता येणार नाही. पण हा नकाशा एरवीचा नव्हता. हा शांत दिवसाचा होता. सगळ्या प्रदेशातले पंप एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बंद ठेवायचे, पाणी आपल्या जागी परतू द्यायचं आणि मग मोजायचं. या एका दिवसासाठी मी किती जणांचे उंबरठे झिजवले होते! कारखानदार हसले, इस्पितळाच्या व्यवस्थापकाने मला वेड्यात काढलं, बागेच्या माळ्याने "झाडं मेली तर तुमच्या दारात आणून टाकीन" असा दम भरला. साहेबांनी वरच्यांना सांगितलं, "आमच्या बाईंना पाणी कसं झोपतं ते बघायचंय." ती टिंगल होती, पण मला खरोखर तेच बघायचं होतं. शेवटी लोकांनी टाक्या, बादल्या, मिळेल ते भांडं भरून ठेवलं, मला पोटभर शिव्या घातल्या आणि पंप बंद केले.

त्या दिवशी मी शहराबाहेरच्या एका विहिरीपाशी बसले होते. विहिरीत टेप सोडायची, टोक पाण्याला टेकलं की वर बारीक शिट्टी वाजते, तो आकडा वाचायचा, टेप गुंडाळायची, थोड्या वेळाने पुन्हा सोडायची. आधी काहीच घडलं नाही. मग शिट्टी जरा लवकर वाजली. पुढच्या खेपेला आणखी लवकर. पाणी चढत होतं. कुणी त्याला ढकलत नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं. हात काढून घेतला एवढंच, आणि ते आपल्या जुन्या उंचीकडे निघालं होतं, ती उंची त्याला कुणी न सांगता ठाऊक होती. शेकडो विहिरींत, माणसांच्या घरांखाली, रस्त्यांखाली, शाळांच्या मैदानांखाली त्या घटकेला हेच चाललं होतं आणि वर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मी आवाज न करता श्वास घ्यायला लागले. इतकी वर्षं या खात्यात काढली, पण मी काय मोजते आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. टेप हातात धरून मी रडले, हे मी साहेबांना अर्थातच सांगितलं नाही.

आणि अशा दिवशी हे कडं. साहेबांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "असेल एखादा दीडशहाणा. लावला असेल गुपचूप पंप. शोधा, दंड ठोकू." मी वीज कंपनीत फोन लावला, त्या वस्तीतल्या पंपांची त्या दिवसाची वीज बघायला लावली. एकही पंप फिरलेला नव्हता. लोकांनी शिव्या घातल्या होत्या, पण शब्द पाळला होता. मग पाणी जात कुठे होतं? वर कुणी ओढत नसेल तर एकच दिशा उरते. मी नकाशा पुन्हा समोर ओढला, कारण खाली जायला त्या पाण्याला वाट नाही, हे मीच दर वर्षी अहवालात लिहीत आले होते.

आमच्या शहराखाली दोन पाणी आहेत. वरचं वाळूतलं, कालपरवाच्या पावसाचं. रंगाच्या कारखान्यांनी ते कधीच नासवलं, आता कुणी पीत नाही, वरकामाला उपसतात आणि आम्ही मोजतो; माझा नकाशा याच पाण्याचा. त्याखाली चिकणमातीचा जाडजूड थर, ज्यातून थेंब उतरायला पिढ्या लागाव्यात. आणि त्याच्याही खाली गोट्यांच्या थरात ते दुसरं पाणी, अतिशय जुनं, स्वच्छ. शहराच्या नळांना येतं ते हेच. चिकणमाती शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. ती गाठ फक्त माणूस घालू शकतो, भोक पाडून. मी कड्याच्या मध्यावर बोट ठेवलं, कुठली गल्ली येते ते बघितलं आणि बोट तसंच राहिलं. ती आईची गल्ली होती.

या प्रदेशातली एकेक विहीर मला तोंडपाठ. कुणी, कधी खोदली, किती खोल, कधी बुजवली, झोपेतून उठवून विचारा. एवढी एक मात्र माझ्या कुठल्याच यादीत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाबांना स्वतःच्या मालकीचं पाणी हवं होतं, नळाच्या वेळा पाळायचा त्यांना मनस्वी कंटाळा. मी लहान असताना मागच्या अंगणात मोठं यंत्र आणून त्यांनी बोअर घेतली. यंत्र धडधडायचं, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, पाइपातून चिखल बाहेर यायचा. आधी पिवळा, मग राखाडी, मग दिवसच्या दिवस नुसता राखाडी. बाबांचा चेहराही त्याच रंगाचा होत चालला. आणि एका सकाळी चिखलाबरोबर गोटे आले. बोअर खोदणाऱ्याने त्यातला एक माझ्या तळहातावर ठेवला, ओला, गार, अंड्यासारखा गुळगुळीत. म्हणाला, "नदीत लोळून लोळून गोल झालाय हा." मी विचारलं, "कुठल्या नदीत?" तो म्हणाला, "तुमच्या घराखालच्या." त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात चवड्यांवर चालत होते. आई विचारायची, "पायाला काय झालं गं?" आणि मी सांगत नव्हते, कारण मला वाटायचं, जोरात पाय दिला तर आपण सगळे नदीत पडू.

पुढे खालचं पाणी खोल खोल गेलं. दहा-बारा मजल्यांची इमारत उलटी गाडावी इतकं खोल. पंप पोचेना. बाबांनी चार दिवस चरफडून बोअरवर फरशी टाकली. मी शिकायला बाहेर होते तेव्हा स्वयंपाकघर मागे वाढवलं, तिथे ओटा आला. मग बाबाही गेले. बोअरचा लोखंडी पाइप मातीत गंजत राहिला असणार, वरच्या पाण्याच्या उंचीवर त्याची चाळणी झाली असणार, आणि तेव्हापासून ते नासकं पाणी त्या पाइपातून थेट खालच्या पाण्यात पडत असणार. "असणार" हा शब्द मी अहवालात कुणाला लिहू देत नाही. साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी नकाशा गुंडाळला. मग म्हणाले, "बुजवायला लागेल. मालक नाही म्हणाला तरी कायद्याने खोदता येतं." मालक! मी पिशवी उचलली आणि निघाले.

आईने दार उघडलं आणि आधी माझ्यामागे बघितलं. "एकटीच? आणि आज कशी काय? काढून टाकलं की काय तुला?" आत रेडिओ जोरात चालू होता. मी गेले की तो नेहमीच जोरात असतो. मला वाटायचं, तिला कमी ऐकू येतं. एकदा कान तपासून घेऊ म्हणाले तर अंगावर आली होती, माझे कान माझे मला बघू दे म्हणून. तिने एकटं राहू नये, माझ्याकडे यावं, हा आमचा जुना वाद. त्यात कानांचा विषय काढणं म्हणजे आगीत तेल. मी ओट्यापाशी उभी राहिले. तिने चहाचं आधण ठेवलं.

"आई, बाबांनी खोदलेली बोअर नक्की कुठे होती गं?"

तिचा हात थबकला. "असेल कुठेतरी. तुला आता काय तिचं?" आणि ती ओटा पुसायला लागली. माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. बोलायची वेळ आली की ती काहीतरी पुसते.

"रेडिओ बंद करते जरा."

"राहू दे. बातम्या लागतील आता."

"गाणी चालू आहेत, आई." मी हात लांब करून रेडिओ बंद केला, मग गॅसही. आई फडकं हातात धरून तशीच उभी राहिली, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तशी. मी गुडघ्यांवर बसले, ओट्याखालचा डबा सरकवला. "अगं, ओलं आहे तिथे," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिचा वाटला नाही. मी आडवी झाले आणि फरशीला कान लावला.

आधी माझंच रक्त ऐकू आलं. मग त्याच्यापलीकडे, खूप खालून, एक न तुटणारा आवाज. अंधारातून अंधारात पडणारं पाणी. खराब झालेल्या बोअरी असा आवाज करतात, मी तो कितीतरी वेळा उघड्यावर, उन्हात, वही काखेत धरून ऐकला होता आणि नोंद करून पुढे गेले होते. पण जिथे मी हजारदा चहा केला, जिथे बाबांचं माझं भांडण झालं आणि जिथे मी त्यांच्या मरणाचा फोन सगळ्यांना केला, त्याच्या खाली ती धार सतत पडत होती. आम्ही बोलत होतो तेव्हा, गप्प होतो तेव्हा, घरात कुणी नव्हतं तेव्हासुद्धा. माझ्या नकाशावरचं ते कडं, चहूबाजूंच्या गल्ल्यांखालचं कललेलं सगळं पाणी, या एका बारीक धारेकडे येत होतं, आणि मी त्या वाटोळ्याच्या बरोबर मध्यावर गाल टेकून पडले होते. मला भीती वाटली आणि उठू नये असंही वाटलं.

"ऐकू येतंय," मी म्हणाले.

मी मान वळवली. ती स्टुलावर बसली होती आणि तोंडावर हात होता. "तुलासुद्धा?" ती म्हणाली. "खरंच? माझं मन राखायला नाही ना म्हणत?"

मग तिने सांगितलं. तिच्या एका मावशीला असेच आवाज यायचे. घरच्यांनी तिला कुठेतरी नेऊन ठेवलं, ती परत आली नाही, तिचं नावही पुढे कुणी घेतलं नाही. बाबा गेल्यावर घर शांत झालं आणि आईला हा आवाज ऐकू यायला लागला. तिला वाटलं, आता आपली पाळी. मला कळलं तर मी तिला घेऊन जाईन, घर बंद होईल. म्हणून मी आले की रेडिओ, शेजारीण आली की रेडिओ. कुणी नसलं की बंद. "आधी घाबरायचे," आई म्हणाली. "मग सवय झाली. मग, आता हसू नकोस, मग करमेना त्याच्याशिवाय. सकाळी उठले की पहिल्यांदा इथे येते आणि विचारते, काय रे, आहेस ना?"

"मग ते काय म्हणतं?"

"काय म्हणणार? तुझ्या बाबांसारखंच. मी काहीही विचारलं तरी आपलं आपलं चालूच."

मला हसू फुटलं आणि तिलाही. ओल्या फरशीवर मी आणि स्टुलावर ती, आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. "म्हणजे माझे कान शाबूत आहेत," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "डोकंही शाबूत आहे." इतकी आनंदलेली मी तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती. आणि मला ते बुजवायचं होतं.

तिलाच आधी कळलं. हसू ओसरलं तशी ती म्हणाली, "पण तू हे ऐकायला थोडीच आली होतीस." मी उठून बसले आणि सगळं सांगितलं; वरचं पाणी, खालचं पाणी, मधली चिकणमाती, पाइपाची चाळणी. ती ओळीवर बोट ठेवून वाचावं तसं लक्ष देऊन ऐकत होती.

"एवढीशी तर धार."

"एवढीशीच. पण ती थांबत नाही ना, आई."

"बंद केलीत की आवाज जाणार?"

"जाणार."

"थोडासुद्धा राहणार नाही?"

"नाही." ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडणाची तयारी मी गाडीत करून आले होते. ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. शहर एका पारड्यात आणि ही एकटी बाई दुसऱ्यात, आणि तराजू माझ्या हातात. पण तिने हातातल्या फडक्याची गुडघ्यावर घडी घातली. मग विचारलं, "ते खालचं पाणी किती जुनं गं?"

"पावसाचंच आहे. पण माणसं पेरायला शिकली नव्हती तेव्हाच्या पावसाचं."

"तेव्हा पडलेला पाऊस अजून तिथे आहे?"

"आहे. गोट्यांमधून सरकतोय, मुंगीपेक्षाही हळू. नळाला येतं ते तेच. तू मघाशी आधण ठेवलंस तेही."

आईने गॅसवरच्या भांड्यात वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग आधणावर हळूच झाकण ठेवलं. "आणि त्याच्यात आपण घाण पाडतोय," ती म्हणाली. "आपल्याच ओट्याखालून." ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. "बुजव. पण उद्या नको. थोडे दिवस दे मला. आतापर्यंत चोरासारखं ऐकलं, आता जरा उजळ माथ्याने ऐकू दे."

तेवढ्यात किती पाणी पडेल याचा हिशेब मला येत होता. मी तो केला नाही. साहेबांना सांगितलं, सिमेंटवाला मोकळा नाही. पुढच्या आठवड्यात तो आला, आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस, पण ओट्याला हातोडा लावण्याआधी आईला म्हणाला, "मावशी, मारू ना?" आणि तिने मान हलवल्यावरच पहिला घाव घातला. ओटा निघाला, फरशी निघाली, त्याखालची बाबांनी टाकलेली फरशी त्याने आणि मी पहार लावून उचलली. गंजाचा आणि ओल्या मातीचा भपकारा आला. आवाज एकदम मोठा, मोकळा झाला. स्वयंपाकघर त्याने भरून गेलं. सिमेंटवाला बोलायचा थांबला. मी तारेला दिवा बांधून आत सोडला. गंजक्या पाइपाच्या भोकातून पाणी फुटत होतं आणि दिव्याच्या उजेडात चकाकत खाली, खाली, जिथे उजेड पोचत नव्हता तिथे जात होतं. आम्ही तिघंही वाकून बघत होतो आणि कुणालाच सरळ व्हावंसं वाटत नव्हतं. "बाप रे," सिमेंटवाला हळूच म्हणाला, "आणि आपण याच्यावर घरं बांधतो." आई म्हणाली, "मी तर त्याच्यावर स्वयंपाक केला."

बोअर बुजवताना सिमेंट वरून ओतत नाहीत. वरून ओतलं तर मध्येच अडकतं आणि खाली पोकळी राहते. बारीक नळी तळापर्यंत सोडायची आणि तळापासून भरत वर यायचं. त्यामुळे धार लगेच थांबली नाही. पंप सुरू झाला, नळीतून सिमेंट खाली जाऊ लागलं आणि बराच वेळ पाणी पहिल्यासारखंच पडत राहिलं. आई आमच्याकडे पाठ करून मोरीपाशी उभी होती. मी तिच्याकडे जावं की नाही ते मला ठरवता येईना, म्हणून मी नळीकडे बघत राहिले. मग आवाज बदलला. खालून पाणी चढत होतं, धारेला पडायला जागा कमी उरत होती; घोगरा आवाज बारीक होत गेला, वर वर चढत गेला. मला त्यामागचं शास्त्र माहीत होतं. आईने उभ्या जन्मात दुसऱ्या खोलीतून, नुसत्या आवाजावर, भांडी भरली होती. ती पाठमोरीच, आमच्यापैकी कुणालाही नाही, म्हणाली, "भरत आली." तिचा हात पुढे गेला आणि तिने नळ बंद केला. तो बंदच होता. तिने तो घट्ट पिळला, अजून पिळला, आणि आवाज थांबला.

सिमेंटवाल्याने पंप बंद केला. आईचा हात नळावरच होता, बोटं पांढरी पडली होती. मी जाऊन तिच्याजवळ उभी राहिले.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

तिने हात काढला, पदराला पुसला आणि माझ्याकडे बघितलं. "आता रोज फोन करायचा," ती म्हणाली. "आणि पटकन ठेवायचा नाही."